विंडोज १०, जुने ऑफिस आणि बंद झालेली ओपन लायसन्स योजना: लहान कार्यालयाने तयारी कशी करावी

दहा-वीस संगणकांच्या कार्यालयात सॉफ्टवेअरचे लायसन्स हे कोणाचेच काम नसते. दुरुस्तीवाला विंडोज आणि ऑफिस बसवून जातो, बिल हिशेबाच्या फायलीत जाते, आणि प्रॉडक्ट-की एखाद्या डायरीच्या मागच्या पानावर राहते. मग कधीतरी 'लायसन्स संपतंय, बघा जरा' असे म्हणून ते काम एका माणसाच्या अंगावर येते. पतसंस्था, शाळा, सीएचे ऑफिस, छापखाना, छोटा कारखाना अशा ठिकाणी जिच्यावर किंवा ज्याच्यावर हे काम आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

मायक्रोसॉफ्टची ओपन लायसन्स योजना ३१ डिसेंबर २०२१ ला बंद झाली. कमीत कमी पाच लायसन्स घेऊन लहान संस्थांना तिच्यात सामील होता येत असे. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ या तिन्हींचा सपोर्ट संपला. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही आहे.

नेमके काय संपते

'लायसन्स संपले' या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी मिसळतात, आणि त्या गोंधळात नको तो खर्च होतो.

वापरण्याचा हक्क: एकदाच पैसे भरून घेतलेले लायसन्स कायमचे असते. सपोर्ट संपला तरी ऑफिस २०१६ उघडते, छापते, साठवते, आणि ते वापरणे बेकायदा ठरत नाही. 'तारखेनंतर सगळे बंद पडेल' असे विक्रेता म्हणत असेल, तर तो मासिक किंवा वार्षिक वर्गणीबद्दल बोलतो आहे का, हे आधी विचारा.

सुरक्षेची दुरुस्ती: ही मात्र खरोखर थांबते. नव्या त्रुटी सापडत राहतात आणि तुमच्या संगणकावर त्या तशाच उघड्या राहतात. बँकेचे व्यवहार, सभासदांचे केवायसी किंवा जीएसटीचे काम ज्या संगणकावर होते, तिथे हा धोका अंगावर घेऊ नये.

त्याच योजनेतून नवी खरेदी किंवा नूतनीकरण: हेही थांबते. ओपन लायसन्ससोबत घेतलेल्या सॉफ्टवेअर अॅश्युरन्सची (मुदतीत येणाऱ्या नव्या आवृत्त्यांचा हक्क देणाऱ्या जोड-कराराची) मुदत दोन वर्षांची असे, त्यामुळे शेवटची अॅश्युरन्सही २०२३ च्या अखेरीपर्यंत संपली. ती चालू असताना जी आवृत्ती बाजारात आली, तिच्यावरचा तुमचा हक्क मात्र कायम आहे. पुष्कळ संस्थांना हे ठाऊक नसते आणि त्या तीच गोष्ट पुन्हा विकत घेतात.

पुन्हा बसवण्याची सोय: ही गुपचूप निसटते आणि सर्वांत जास्त त्रास देते. डिस्क जळाली, नवी टाकली, आणि आता इन्स्टॉलर कुठे, की कुठे, कोणत्या खात्यावर नोंद आहे, याचे उत्तर कोणाकडेच नसते. म्हणून तयारीची सुरुवात खरेदीने करू नका. आधी जे आपले आहे ते गोळा करा.

पहिली पायरी: प्रत्येक संगणकाची नोंद

एक साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक संगणकाला एक ओळ द्या आणि हे रकाने ठेवा: संगणकाचे नाव, कुठे आहे, कोण वापरते, प्रोसेसरचे मॉडेल, रॅम, विंडोजची आवृत्ती, विंडोज लायसन्सचा प्रकार, ऑफिसची आवृत्ती, ३२ की ६४ बिट (प्रोग्रॅम ज्या दोन घडणींत येतात त्यांतली कोणती), ऑफिस कोणत्या खात्याचे, बिल क्रमांक आणि तारीख, आणि शेवटी 'यावर आणखी काय चालते'. शेवटच्या रकान्याला कमी लेखू नका. पुढचे निम्मे निर्णय त्याच्यावर अवलंबून आहेत.

विंडोज लायसन्सचा प्रकार असा शोधा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधा, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'एसएलएमजीआर', एक मोकळी जागा, मग 'स्लॅश डीएलव्ही' हे रोमन अक्षरांत टाइप करा. थोड्या वेळाने एक खिडकी उघडते. तिच्यात चॅनेलच्या ओळीत प्रकार दिलेला असतो.

ओईएम लिहिले असेल तर लायसन्स त्या यंत्राबरोबर आले आहे आणि यंत्राबरोबरच जाणार. विंडोज ८ नंतरच्या ब्रँडेड संगणकांत की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. वॉरंटीबाहेर मदरबोर्ड बदलला की हे लायसन्स गेले असे समजा.

रिटेल असेल तर ते एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येते. बिल सापडले तर हे लायसन्स सर्वांत सोयीचे.

व्हॉल्यूम (म्हणजे घाऊक) एमएके असेल तर एकच की अनेक संगणकांवर चालते, पण तिच्या अॅक्टिव्हेशनची, म्हणजे ती किती वेळा मंजूर होईल याची, संख्या ठरलेली असते. संगणक फॉरमॅट करून पुन्हा बसवले की त्यातले एक खर्च होते. संख्या संपली की अॅक्टिव्हेशन नाकारले जाते आणि मायक्रोसॉफ्टला फोन करावा लागतो.

व्हॉल्यूम केएमएस-क्लायंट असे दिसले तर थांबा. केएमएसमध्ये संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून अॅक्टिव्हेशन मिळते, त्याची मुदत १८० दिवसांची असते, आणि विंडोजसाठी निदान २५ संगणक जोडलेले असावे लागतात. तुमच्याकडे बारा संगणक आहेत, असा सर्व्हर कधी नव्हता, आणि तरी केएमएस दिसते आहे, तर दुरुस्तीवाल्याने अॅक्टिव्हेटर (खोटे अॅक्टिव्हेशन करून देणारा प्रोग्रॅम) चालवून पायरेटेड प्रत बसवली असण्याचीच शक्यता फार मोठी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या अॅक्टिव्हेटरने अँटीव्हायरस बंद करून ठेवलेला असतो, हे वेगळेच. असे संगणक यादीत लाल रंगाने दाखवा आणि खरेदीत पहिला क्रमांक त्यांना द्या.

ऑफिससाठी एक्सेल उघडा, फाइलमध्ये जा, अकाउंटवर टिचकी द्या. तिथे आवृत्तीचे नाव दिसते, आणि अनेकदा हे उत्पादन कोणत्या ईमेल खात्याचे आहे तेही. 'अबाउट एक्सेल' उघडले की पहिल्याच ओळीत ३२ की ६४ बिट ते कळते.

इथे एक नेहमीची अडचण निघते. बॉक्समधले ऑफिस बसवताना ते एखाद्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडावे लागते, आणि ते खाते नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे किंवा थेट दुरुस्तीवाल्याचे निघते. एकदा जोडलेले ऑफिस सहसा दुसऱ्या खात्यावर हलवून मिळत नाही. त्यामुळे ते खातेच ताब्यात घेण्याचा प्रयत्न करा: त्या व्यक्तीला बोलावून कार्यालयाचा ईमेल त्या खात्यात उपनाम म्हणून जोडा, तोच मुख्य करा, मग पासवर्ड आणि मोबाइल क्रमांक बदला. माणूस संपर्कात आहे तोवरच हे होते. पुढे ढकलू नका.

दुसरी पायरी: कागद आणि इन्स्टॉलर

नुसती की म्हणजे लायसन्स नव्हे. संस्थेच्या नावाचे बिल, ओपन लायसन्सचे पुष्टिपत्र, बॉक्स किंवा संगणकावरचे स्टिकर हे पुरावे असतात. स्टिकरची शाई उडते, म्हणून त्याचा जवळून फोटो काढून संगणकाच्या नावाने साठवा.

ओपन लायसन्सच्या पुष्टिपत्रावर दोन क्रमांक असतात: ऑथरायझेशन नंबर आणि लायसन्स नंबर. दोन्ही हवेत. पूर्वी डाउनलोड आणि की व्हॉल्यूम लायसन्सिंगच्या स्वतंत्र संकेतस्थळावर मिळत, आता त्या मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अॅडमिन सेंटरमधल्या व्हॉल्यूम लायसन्सिंग विभागात आहेत. नोंदवलेला ईमेल बंद झाला असेल तर हे दोन क्रमांक आणि बिल दाखवून प्रवेश मागावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. प्रवेश मिळाला की त्याच बैठकीत सर्व की उतरवून घ्या, प्रत्येक एमएकेची किती अॅक्टिव्हेशन उरली ते लिहा, आणि तुमच्या आवृत्तीचे आयएसओ (पूर्ण इन्स्टॉलरची एकच फाइल) उतरवा. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी कार्यालयाबाहेर ठेवा. कार्यालयाचा एक स्वतंत्र ईमेल फक्त लायसन्ससाठी असावा आणि त्याचा पासवर्ड निदान दोन जबाबदार माणसांकडे असावा.

तिसरी पायरी: जुन्यावर काय टांगलेले आहे

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. यामुळे जे मोडते ते आधी तपासा.

डॉस या विंडोजपूर्व प्रणालीसाठी फॉक्सप्रो या डेटाबेस साधनात लिहिलेले प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. जुन्या पगारपत्रकांत आणि कर्जखात्यांत ते अजून सापडतात. डॉसबॉक्ससारख्या साधनात ते बहुधा चालतात, पण छपाई जुळवायला वेळ लागतो. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ चे प्रोग्रॅम ३२ बिट असल्याने सहसा चालतात.

मराठी टंकलेखनाच्या जुन्या पॅकेजना यूएसबी किंवा पॅरलल पोर्टला लावायचे हार्डवेअर लॉक असत. त्या लॉकचा ड्रायव्हर ६४ बिटचा नसेल तर पॅकेज सुरूच होत नाही. आणि युनिकोडपूर्व (कोणत्याही संगणकावर वाचता येणारी युनिकोड पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये टाइप केलेल्या फायली नव्या संगणकावर उघडल्या की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, फाँट नसतो. त्या फाँटचे लायसन्स वेगळे असते, ते विंडोजबरोबर येत नाही. हा क्षण साधून इतिवृत्ते, उपविधी, नेहमीची पत्रे युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत असे आमचे ठाम मत आहे. कन्व्हर्टरने बहुतेक मजकूर येतो, पण रफार, जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांनी तपासावेच लागतात.

अॅक्सेसमधले डेटाबेस आणि एक्सेलची मॅक्रो ३२ बिट ऑफिसमध्ये लिहिली असतील, तर विंडोजच्या फंक्शनना हाक मारणारी त्यांतली 'डिक्लेअर' विधाने ६४ बिटमध्ये अडतात आणि दुरुस्त करावी लागतात. टॅलीतून ओडीबीसीने (एका प्रोग्रॅममधली माहिती दुसऱ्यात नेणाऱ्या जोडणीने) एक्सेलमध्ये आकडे ओढत असाल तर तिथेही बिट जुळावे लागतात. दुरुस्ती करणारा माणूस हाताशी नसेल तर नवे ऑफिस ३२ बिटच बसवा, ते अजून मिळते.

डिजिटल सहीचे टोकन, हजेरीचे बायोमेट्रिक यंत्र, पासबुक प्रिंटर आणि स्कॅनर यांचे विंडोज ११ चे ड्रायव्हर आहेत का, हे उत्पादकाकडून आधी विचारून घ्या. निविदेच्या किंवा विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखले गेले नाही तर त्याची किंमत लायसन्सपेक्षा कितीतरी जास्त पडते.

पब्लिशर या ऑफिसमधल्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये पत्रिका, ओळखपत्रे, शाळेची पत्रके करत असाल तर एक वेगळी सूचना. पब्लिशरचा सपोर्ट ऑक्टोबर २०२६ मध्ये संपतो, ऑफिस २०२४ मध्ये तो नाही, आणि त्यानंतर वर्गणीच्या ऑफिसमध्येही त्याच्या फायली उघडणार नाहीत. सर्व फायलींच्या पीडीएफ प्रती काढा. ज्या दरवर्षी बदलून वापरता त्या वर्डमध्ये नव्याने मांडा.

चौथी पायरी: कोणत्या संगणकाचे काय

विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक हे साधन प्रत्येक संगणकावर चालवून निकाल यादीत लिहा. टीपीएम नाही असे आले तरी लगेच नाउमेद होऊ नका, पुष्कळदा तो बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) नुसता बंद ठेवलेला असतो. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र उपाय नाही. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतील याची हमी कंपनी देत नाही. कार्यालयाच्या संगणकावर ते करू नका.

जो संगणक पात्र आहे आणि ज्यावर खरे विंडोज १० आहे, त्याला विंडोज ११ चे अपग्रेड फुकट आहे. इथे काही विकत घ्यायचे नसते.

जो पात्र नाही, त्याला विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या पुढेही देणारी, संस्थांसाठीची वाढीव सुरक्षा योजना (ईएसयू) घेता येते. पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात, आणि दुसऱ्या वर्षी सामील झालात तरी पहिल्या वर्षाचे पैसे भरावेच लागतात. एवढ्या पैशांत बहुधा चांगला वापरलेला आठव्या पिढीपुढचा संगणक येतो. म्हणून ही योजना ज्या एक-दोन यंत्रांवर न हलवता येणारे काम आहे त्यांच्यापुरती आणि एका वर्षापुरती घ्यावी. घरगुती वापरासाठीची योजना स्वस्त किंवा मोफत आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, आणि डोमेनला (कार्यालयाच्या सर्व्हरवरून चालणाऱ्या नेटवर्कला) जोडलेल्या संगणकांना लागू होत नाही.

ऑफिससाठी तीन वाटा आहेत. ऑफिस २०२४ एकदाच पैसे देऊन मिळते आणि त्याचा सपोर्ट ९ ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. त्याचीच संस्थांसाठीची एलटीएससी २०२४ ही आवृत्ती क्लाउड सोल्यूशन पार्टनरकडून, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत विक्रेत्याकडून, मिळते. ओपन लायसन्सची जागा व्यवहारात हिनेच घेतली आहे. दुसरी वाट मायक्रोसॉफ्ट ३६५. ही वर्गणी माणशी असते. एका व्यक्तीला पाच संगणकांपर्यंत वापरता येते, पण काउंटरवरचा एकच संगणक तीन जण आलटून-पालटून वापरत असतील तर लायसन्स तिघांना लागते. त्यातली बिझनेस बेसिक ही सर्वांत स्वस्त योजना फक्त ब्राउझर आणि मोबाइलवर चालते, संगणकावर बसवायचे एक्सेल तिच्यात नाही. दर पाहून ही घेतली आणि मग फसलो, असे फार होते. तिसरी वाट लिब्रेऑफिस. ते मोफत आहे, युनिकोड मराठी नीट हाताळते, आणि पत्रे व साध्या तक्त्यांना पुरेसे आहे. मॅक्रो आणि अवघड पिव्हट टेबल जिथे आहेत तिथे ते नको. बारा संगणकांपैकी तिघांना एक्सेल आणि बाकीच्यांना लिब्रेऑफिस ही मांडणी चालते आणि खर्च निम्म्याहून कमी करते.

पाचवी पायरी: खरेदी

कोटेशनमध्ये उत्पादनाचे पूर्ण नाव, ते कायमचे की वर्गणीचे, किती नग, मुदत, आणि १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला असावा. संस्थेचा जीएसटी क्रमांक बिलावर आला नाही तर इनपुट क्रेडिट जाते. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या ऑनलाइन की घेऊ नका. त्या बहुधा दुसऱ्या कोणाच्या व्हॉल्यूम कराराच्या असतात आणि काही महिन्यांनी बंद केल्या जातात. व्हॉल्यूममधून मिळणारे विंडोज प्रो किंवा एंटरप्राइझ हे फक्त अपग्रेड असते, खाली पात्र विंडोज असावेच लागते, आणि होम आवृत्ती पात्र धरली जात नाही.

वार्षिक वर्गणी घेतलीत की पहिल्या सात दिवसांनंतर नग कमी करता येत नाहीत, वाढवता मात्र कधीही येतात. म्हणून कमी संख्येने सुरुवात करा. वार्षिक करार करून पैसे दरमहा भरल्यास पाच टक्के जास्त पडतात.

सहावी पायरी: प्रत्यक्ष बदल

आधी एक संगणक बदला, आणि तो हिशेबाचा असू द्या, कारण अडचणी तिथेच निघतात. त्यावर एक महिनाअखेर पार पडू द्या, मग बाकीचे घ्या. ३१ मार्च आणि लेखापरीक्षणाच्या आसपास कशालाही हात लावू नका.

बॅकअप घेताना डॉक्युमेंट्सवर थांबू नका. आउटलुकचे पीओपी खाते (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारे) असेल तर सगळी मेल एका पीएसटी फायलीतच असते, सर्व्हरवर नसते. एक्सेलची वैयक्तिक मॅक्रो 'पर्सनल' नावाच्या वर्कबुकमध्ये, वर्डचा साचा 'नॉर्मल' फायलीत आणि मेलखालच्या सह्या लपलेल्या अॅपडेटा फोल्डरात असतात. डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली तर विसरूच नका.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरते थांबवा. नाहीतर टीपीएमच्या सेटिंगमध्ये बदल झाला की संगणक ४८ आकडी की मागतो आणि ती नसेल तर डिस्क उघडत नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह इन्स्टॉलरला पुरतो. अपग्रेड पसंत पडले नाही तर दहा दिवसांत मागे जाता येते, त्यामुळे त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप करू नका.

व्हॉल्यूम लायसन्सवरचे ऑफिस २०१६ हे एका पद्धतीने बसते आणि २०१९ नंतरची ऑफिस दुसऱ्या पद्धतीने. त्याच पद्धतीने बसवलेले २०१६ चे व्हिजिओ (आकृत्या काढण्याचा प्रोग्रॅम) तसेच ठेवून वर नवे ऑफिस बसवायला गेलात तर इन्स्टॉलर नकार देतो. आधी जुने पूर्ण काढा, संगणक बंद करून चालू करा, मग नवे बसवा.

सर्व्हर असेल तर त्याची वेगळी ओळ करा. विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते. सर्व्हर नवा घेतला की जुने क्लायंट अॅक्सेस लायसन्स (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा संगणकासाठी लागणारे) त्याला चालत नाहीत, तेही नव्या आवृत्तीचे लागतात, आणि कोटेशनमध्ये नेमके तेच गाळलेले असते. सॉफ्टवेअर पुरवठादाराने सोबत एसक्यूएल सर्व्हर २०१६ (मायक्रोसॉफ्टचे डेटाबेस सॉफ्टवेअर) बसवला असेल, मग तो मोफत एक्सप्रेस असला तरी, त्याची तारीख १४ जुलै २०२६ आहे. नव्या एसक्यूएलवर त्यांचे पॅकेज चालते का, हे लेखी विचारा.

जे एखादे यंत्र फॉक्सप्रोसाठी किंवा लॉक लावलेल्या पॅकेजसाठी ठेवावेच लागेल, त्याची नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, आणि त्याच्या डिस्कची पूर्ण इमेज बाहेर काढून ठेवा. छपाईसाठी प्रिंटर थेट यूएसबीने जोडा. पेनड्राइव्हने फायली न्यायच्या असतील तर तो आधी अँटीव्हायरस असलेल्या संगणकावर तपासून घ्या. जे संगणक भंगारात जाणार, त्यांवरची रिटेल लायसन्स आधी काढून घ्या, यादीत 'मोकळे' असे लिहा, आणि डिस्क पुसल्याशिवाय विक्रेत्याला देऊ नका.